टेंडरचे सफरचंद

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. जेथे आमचे एकमत आहे तेथे ‘आम्ही’ म्हटले आहे आणि जेथे मतभेद झाला तेथे ‘यजमान’ व ‘बाई’ असे लिहिले आहे. एकावन्न वर्षांच्या संसारानंतर एवढी शिस्त पाळावीच लागते, नाही तर लेख पुरा होण्यापूर्वीच भांडण व्हायचे.

गोष्ट २०२२ सालच्या सुक्कोथनंतरची. आमच्याकडे १९९६ सालचा इसुझूचा टेंडर आहे. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, पुढे तिघांना बसण्यापुरती केबिन, मागे उघडा हौदा. तो आम्ही २००३ साली दुसऱ्याच्या हातून घेतला. मलीदा, बार मित्स्वा, मेंदीचा कार्यक्रम, असे काही निघाले की दिमोना, येरुहाम, बीरशेबा येथील आपली मंडळी आम्हाला स्वयंपाकाला बोलावतात. दोन मोठी पातेली, शेगड्या, गॅसच्या टाक्या, पराती, तांदळाच्या गोणी आणि नारळ हे सगळे त्या हौद्यात बसते. आमच्या मुलाच्या नव्या चकचकीत मोटारीत एक पातेलेसुद्धा आडवे होत नाही.

तर सुक्कोथनंतर एके दिवशी बाई म्हणाल्या, “अहो, खालून टक् असा आवाज येतोय.”

यजमान म्हणाले, “कुठे? काही नाही.”

आमच्या गल्लीत तीन गतिरोधक आहेत. प्रत्येक गतिरोधकावर बाईंना ‘टक्’ ऐकू येई आणि यजमानांना येत नसे. आठवडाभर हा वाद चालला. शेवटी बाईंनी केबिन रिकामी करावयास घेतली. हे आम्ही सर्व वाचकांना आवर्जून सांगतो की, आवाज शोधायचा तर पाना हाती घेण्यापूर्वी गाडी रिकामी करावी. सीटमागे जॅक सैल पडलेला होता. सीटखाली निघाले झाकणाचे एक मूठ नसलेले कडे, दोन सोडावॉटरच्या बाटल्या आणि आमची नारळाची खवणी, जी पुरीमपासून हरवली आहे म्हणून आम्ही नवीन विकत घेतली होती! पुष्कळसा खडखडाट त्या दिवशी बंद झाला. ‘टक्’ मात्र राहिलाच.

यजमानांना तो का ऐकू येत नव्हता हे सांगितले पाहिजे. आम्ही १९७१ साली येथे आलो. त्यापूर्वी ते मुंबईला परळच्या रेल्वे वर्कशॉपात उमेदवारी करीत होते. त्यांचे वडील ठाण्याला राहत व कल्याणला रेल्वेच्या टी.एक्स.आर. खात्यात होते. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारीत जायचे हे त्यांचे काम. चांगले चाक घंटेसारखे वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. थंडीत, पावसात, मध्यरात्री, नुसत्या कानावर भरवसा ठेवून त्यांनी तीस वर्षे चाके तपासली. त्यांच्या मुलाने दिमोनात येऊन गिरणीच्या देखभाल खात्यात मागांच्या कर्कश आवाजात उभी हयात काढली. त्या काळी कानात घालायला बोळे मिळत, पण ते कोणी घालीत नसे. आता सत्तरी ओलांडल्यावर त्याचे काय व्हायचे ते झाले. घरात टेलिव्हिजनचा आवाज वाढवण्यावरून हे सर्वांना ठाऊक होते. फक्त यजमानांना मान्य नव्हते. तेव्हा ‘गाडीत आवाज आहे’ असे बाई म्हणत, ते यजमानांच्या कानाला ‘तुम्ही बहिरे झालात’ असे ऐकू येई. वाद टेंडरचा नव्हताच.

शेवटी टेस्टची तारीख जवळ आली म्हणून गाडी मुसाखमध्ये नेली. येथील मुसाखची भाषा ही एक स्वतंत्र गंमत आहे. नवीन आलो तेव्हा यजमानांना वाटले होते की, यंत्राची भाषा जगभर एकच. परळला बॉल जॉइंट म्हणत, येथेही तेच म्हणत असतील. पण येथे बॉल जॉइंटला म्हणतात ‘तप्पूआख’, म्हणजे सफरचंद! चाक ज्या दोन आर्मांवर पेललेले असते त्यांना म्हणतात ‘मेशुलाश’, म्हणजे त्रिकोण. मागच्या आसाला इंग्रजीवरून ‘बॅकॅक्स’ म्हणतात, येथवर ठीक आहे. पण पुढच्या आसालाही ‘पुढचा बॅकॅक्स’ म्हणतात, म्हणजे ‘पुढचा मागचा आस’! पहिल्या वर्षी कोणी तरी सांगितले की, “तुझे खालचे सफरचंद गेले”, तेव्हा यजमानांनी बिचाऱ्यांनी पिशवीत पाहिले होते.

मुसाखवाल्याने टेंडर लिफ्टवर चढवला. चारही चाके हवेत लोंबत होती. त्याने पुढची दोन्ही चाके वरखाली धरून हलवली, डावीउजवीकडे हलवली, खालून बत्ती मारली आणि म्हणाला, “सफरचंदे ठीक आहेत. तुझे शॉक अब्सॉर्बर गेले.” शॉक अब्सॉर्बर खरोखरच जुने होते, एकातून तेलही पाझरत होते. दोन्ही बदलले. बिल दिले. गाडी टेस्टमध्ये पास झाली. आणि घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर ‘टक्’!

यजमान म्हणाले, “आता तरी तो आवाज गेला ना?”

बाई काही बोलल्या नाहीत. ही आमची मोठी चूक झाली, कारण पुढच्याच आठवड्यात आम्ही मृत समुद्राकाठच्या हॉटेलात एका बार मित्स्वाचे काम घेतले होते. दिमोनाहून २५ नंबरचा रस्ता अरवा चौकापर्यंत कसा उतरतो हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. डोंगरावरून वळणे घेत घेत समुद्रसपाटीच्याही खाली. हौद्यात पाचशे किलोच्या वर सामान, केबिनमध्ये आम्ही दोघे आणि दोघांच्या मध्ये आमची नऊ वर्षांची नात. प्रत्येक वळणावर बाईंच्या पायाखाली ‘टक्’ होई आणि बाई नातीचा हात घट्ट धरीत. नात विचारी, “सब्ता, काय झाले?” बाई म्हणत, “काही नाही.” म्हणजे आता दोघेही ‘काही नाही’ म्हणू लागलो होतो.

मुलाला हे कळले तेव्हा तो म्हणाला, भंगारात द्या. त्याचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण मग पातेली कशातून न्यायची? आणि पातेली गेली तर आमच्याकडे कोण कशाला येईल? तो म्हणाला, “आता आराम करा.” त्याला उत्तर देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. एवढेच म्हटले की, आधी आवाज कशाचा ते कळू दे.

तेव्हा एका रविवारी सकाळी, आमचा मोठा नातू सैन्यातून रजेवर आला होता त्याला हाताशी धरून, आम्ही स्वतः शोधायला बसलो. येथून पुढे थोडे तपशिलाने लिहितो, कारण जुना टेंडर असलेली आपली पुष्कळ कुटुंबे मोशावांत व दक्षिणेत आहेत.

प्रथम बाईंना रस्त्याकडेला उभे केले आणि नातवाने गाडी हळूहळू गतिरोधकावरून नेली. आधी सरळ, म्हणजे दोन्ही पुढची चाके एकदम चढतील अशी. मग तिरकी, म्हणजे आधी एकच चाक चढेल अशी. यात युक्ती ही की, दोन्ही चाकांना जोडणारा जो आडवा स्टॅबिलायझर बार असतो, तो दोन्ही चाके बरोबर वर गेली तर पिळला जात नाही, एकच चाक वर गेले तरच पिळला जातो. फक्त तिरक्या चढणीवर आवाज आला असता तर त्या बारची रबरे वा त्याच्या कांड्या खराब असे समजावे. आमचा आवाज दोन्ही वेळा आला. मग ब्रेकवर हलकेच पाय ठेवून गाडी नेली. ब्रेकचे कॅलिपर सैल असून खडखडत असेल तर पाय ठेवताच ते गप्प बसते. आमचा ‘टक्’ गप्प बसला नाही. रबरी बूश कुरकुरतात त्यासाठी पाण्याची पिचकारी मारून पाहतात, ओले झाल्यावर कुरकुर थांबली तर रबर. पण आमचा आवाज कुरकुरीचा नव्हता, ठोक्याचा होता, म्हणून ते आम्ही सोडून दिले. इंजिन बंद ठेवून नातवाने स्टीअरिंग थोडे थोडे डावीउजवीकडे हलवले आणि यजमानांनी खाली वाकून आयडलर आर्म व टाय रॉडची टोके हाताने धरून पाहिली. त्यांत ढिलाई नव्हती.

एवढे होईपर्यंत बाईंनी तिसऱ्यांदा सांगितले होते की, आवाज उजव्या बाजूचा आहे. येथे गाडीचे स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे बाई नेहमी उजव्या चाकावर बसलेल्या आणि यजमान डाव्या चाकावर. वीस वर्षे आम्ही असेच बसत आलो, आणि हा साधा विचार दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

मग यजमानांनी परळची जुनी रीत काढली. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक उजव्या चाकाच्या खालच्या आर्मवर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. नातू बंपरवर उभा राहून गाडी वरखाली दाबू लागला. (गाडी सपाटीवर, मागच्या चाकांना दगड लावलेले, आणि खाली कोणीही झोपलेले नाही, हे पाहूनच असे करावे.) दोन-तीन दाबांनंतर यजमानांनी हात वर केला. त्यांना ऐकू आला होता. कानाने नव्हे, हाडाने. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. नातू म्हणाला, “सब्बा, पुरे का?” ते म्हणाले, “अजून एकदा दाब.”

पण आवाज कोठून येतो हे कळले तरी मुसाखवाल्याला सांध्यात ढिलाई का दिसली नाही? याचे उत्तर आमच्या टेंडरच्या रचनेत आहे. त्याला पुढे स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार आहेत. चेसिसला समांतर जाणारी एक लांब पोलादी सळई, तिचे एक टोक खालच्या आर्ममध्ये, दुसरे चेसिसच्या आडव्या पट्टीत अडकवलेले. चाक वर गेले की सळई पिळली जाते आणि ती पुन्हा सरळ होऊ पाहते, तीच स्प्रिंग. आता गाडी चेसिसखाली उचलली की चाक लोंबते खरे, पण सळई आर्मला खाली दाबीतच असते. खालचा बॉल जॉइंट ताणलेलाच राहतो. आत कितीही झिजलेला असला तरी हाताने हलवून तो हलत नाही. म्हणून जॅक चेसिसखाली लावायचा नाही. तो खालच्या आर्मखालीच, सांध्याच्या जितक्या जवळ लावता येईल तितका लावायचा. चाक चार बोटे वर उचलायचे. मग सळईचा जोर जॅकवर येतो आणि सांधा मोकळा होतो. आता टायरखाली लांब टॉमी घालून चाक वर उचलून पाहायचे आणि दुसऱ्या माणसाने सांध्याकडे पाहत राहायचे.

नातवाने टॉमी उचलली. यजमान बत्ती धरून पाहत होते. गोळा आपल्या वाटीत वरखाली होत होता. अंदाजे तीन मिलिमीटर. चाकाच्या बेअरिंगची तर ढिलाई नाही ना, हे पाहण्यासाठी बाईंनी ब्रेक दाबून धरला. बेअरिंगची ढिलाई असती तर ब्रेक दाबल्यावर नाहीशी झाली असती. तशीच राहिली. सांधाच होता.

तीन मिलिमीटर म्हणजे किती? मसुरीचा दाणा आडवा धरा. एवढ्या जागेवर आम्ही नातीला घेऊन तो घाट उतरलो होतो. खालचा बॉल जॉइंट वाटीतून निसटला तर चाक बाहेर आडवे पडते आणि गाडी नाकावर बसते. मग स्टीअरिंगला काही अर्थ राहत नाही. त्या दुपारी आम्ही दोघे जेवलो, पण बोललो नाही. संध्याकाळी यजमान एवढेच म्हणाले, “तू सांगत होतीस.” बाई म्हणाल्या, “मी घाटात गप्प बसले.”

दुसऱ्या दिवशी गाडी न चालवता ओढून नेली, आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मोरोक्कन मिस्त्रीच्या वखारीत. मुलाने पैसे दिले, तेही न मागता. दोन्ही बाजूंचे खालचे सांधे बदलले, कारण एक झिजला तर दुसरा त्याच्याच वयाचा. मिस्त्रीने काम करताना जॅक खालच्या आर्मखालून क्षणभरही काढला नाही. नट सोडताना तो जॅक नसेल तर पिळलेली सळई आर्म खाली फेकते, आणि तेथे हात असला तर हात गेला. नवीन सांध्याचा कंगोरेदार नट आवळताना पिनेचे भोक जुळले नाही तर पुढे आवळून जुळवावे, मागे सैल करून कधी जुळवू नये, आणि जुनी पिन पुन्हा वापरू नये. नंतर चाकांची अलाइनमेंट करून घेतली.

जुना सांधा आम्ही घरी आणला. त्याच्यावरचे रबर पापुद्र्यासारखे चिरले होते. आत ग्रीस नव्हतेच, तांबूस चिखलासारखे काही होते. नेगेवची धूळ पिठासारखी बारीक असते, ती चिरेतून आत जाते. मग पहिला पाऊस, योरे, आला की तिचे सहाणेवरच्या गंधासारखे गाळण होते आणि गोळा घासला जातो. त्यातून आमच्या आधीच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पुढची बाजू वर उचललेली होती. त्याने आर्म तिरपे होतात आणि सांध्यावर वाकडा जोर येतो. मिस्त्रीने ती उंची मोजून मूळ मापावर आणली. परंतु दोष मुख्यतः आमचा. गाडी घेतल्यापासून आम्ही इंजिनचे तेल वेळेवर बदलले, रेडिएटर पाहिला, डिझेलच्या फिल्टरमधले पाणी काढले. वहीत सगळे मराठीत तारखेनिशी लिहिलेले आहे. ग्रीसची नोंद मात्र २०१४ सालानंतर नाही. खाली वाकायचा कंटाळा, दुसरे काय! आपल्या वाडवडिलांना कोकणात शनिवार तेली म्हणत, शब्बाथला घाणा बंद ठेवणारे. आम्ही तर आठवड्याचे सातही दिवस बंद ठेवला होता.

नव्या सांध्यांना ग्रीसची निपल आहेत. आता दर पाच हजार किलोमीटरला, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा, ग्रीस गन लावतो. निपल आधी फडक्याने स्वच्छ पुसावे, नाही तर धूळ आपणच आत ढकलतो. गन हळू दाबावी आणि रबर किंचित फुगले की थांबावे. फार भरले तर रबर फुटते आणि केले तेवढे वाया जाते. मागच्या कमानपट्ट्या, त्यांचे नट, चाकांची बेअरिंगे, ही कामे नातू रजेवर आला की होतात. टायर आतल्या कडेने झिजत आहेत का, हे बाई पाहतात. त्यांना वाकता येते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, तू बिश्वातला, एलातला एका घरी एलियाहू हन्नबीचा मलीदा होता. दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता, पहिला टप्पा तोच घाट. पोहे, नारळ, खजूर, फळे, दोन्ही पातेली. आम्ही पहाटे निघालो. बाई उजव्या चाकावर बसून ऐकत होत्या. अरवा चौकापर्यंत एक शब्द नाही. तेथे पेट्रोल पंपावर उतरून यजमानांनी विचारले, “काय?” बाई म्हणाल्या, “काही नाही.” आणि या वेळी ते खरे होते.

त्याच महिन्यात यजमान बीरशेबाला जाऊन कान तपासून आले. दोन्ही कानांना यंत्रे बसवली. घरी येताना टेंडर त्यांनी रस्त्यात तीनदा थांबवला. डावा दरवाजा खडखडतो म्हणतात, काचेची पट्टी शिट्टी वाजवते म्हणतात, आणि हौद्यात काही तरी खणखणते म्हणतात. हौद्यात झारा होता.